प्लेस्टेशन २ पुन्हा सुरू करताना: कन्सोल तपासणं, टीव्हीला जोडणं आणि आजही खेळावेत असे गेम

सोनीचा प्लेस्टेशन २ जपानमध्ये ४ मार्च २००० रोजी बाजारात आला आणि जवळपास तेरा वर्षांनी, २०१३ च्या सुरुवातीला, त्याचं उत्पादन जगभर थांबलं. तोवर साडेपंधरा कोटींहून जास्त कन्सोल विकले गेले होते. आपल्याकडे घराघरांत नसला, तरी तासावर पैसे घेणाऱ्या गेम पार्लरमधून तो एका अख्ख्या पिढीच्या हातात पोचला. त्यातले कितीतरी कन्सोल अजून माळ्यावर आहेत आणि बऱ्याच वेळा थोड्या साफसफाईनंतर चालू होतात.

प्रश्न असतो तो, चालू केल्यावर खेळायचं काय, हा. ‘पीएस२ चे सर्वोत्तम गेम’ अशा याद्या हव्या तितक्या सापडतात, पण त्यातले बरेच गेम आता नव्या कन्सोलवर किंवा कॉम्प्युटरवर अधिक स्वच्छ रूपात मिळतात. त्यांच्यासाठी वीस वर्षांपूर्वीचं यंत्र झटकत बसायची गरज नाही. मी निवड करताना एकच कसोटी लावतो: जो गेम या कन्सोलच्या पिढीतून पुढे आलाच नाही, किंवा पुढे येताना काहीतरी गमावून बसला, तो इथे खेळायचा. त्या गेमपर्यंत नीट पोचायचं तर आधी यंत्र, टीव्ही, कंट्रोलर आणि डिस्क या चार गोष्टी मार्गी लावाव्या लागतात, म्हणून सुरुवात तिथून करू.

यंत्र घेताना आणि तपासताना

पीएस२ चे दोन ठळक प्रकार आहेत. पहिला जाड, ट्रे बाहेर येणारा. दुसरा २००४ मध्ये आलेला स्लिम, ज्याचं झाकण वर उघडतं. मॉडेल नंबर मागच्या किंवा खालच्या बाजूच्या लेबलवर असतो. एससीपीएच-७०००० पासून पुढचे सगळे स्लिम. त्यातल्या शेवटच्या ९०००० मालिकेत पॉवर सप्लाय आतच आहे, त्याआधीच्या स्लिमना ८.५ व्होल्टचा वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो. आज नवखा माणूस घेणार असेल तर मी ९०००० मालिकाच सुचवेन. हरवलेल्या अ‍ॅडॉप्टरच्या जागी भलताच अ‍ॅडॉप्टर लावून बोर्ड जळण्याचा धोका तिथे उरत नाही, शिवाय झाकण उघडलं की लेन्स समोरच दिसत असल्यामुळे साफसफाई सोपी पडते.

परदेशातून कुणी कन्सोल आणून दिला असेल तर प्लग लावण्याआधी लेबलवरचा व्होल्टेज वाचा. अमेरिकेतला जाड पीएस२ ११० ते १२० व्होल्टवर चालणारा असतो. तो थेट आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात लावला तर पॉवर सप्लाय जळतो.

जुना कन्सोल विकत घेताना एकच डिस्क लावून बघणं पुरेसं नाही. पीएस२ चे गेम सीडी आणि डीव्हीडी अशा दोन्ही प्रकारांत आले. सीडीवरच्या गेमची खालची बाजू निळी असते, डीव्हीडीची चंदेरी. दोन्ही वाचण्यासाठी वेगवेगळा लेझर वापरला जातो, त्यामुळे डीव्हीडी धडाधड चालते आणि निळी डिस्क मात्र वाचलीच जात नाही, किंवा नेमकं उलट, असं होऊ शकतं. दोन्ही लावून बघा. शक्य असेल तर तिसरी चाचणी दुहेरी थराच्या डीव्हीडीची घ्या. ‘ग्रान टुरिस्मो ४’ आणि ‘गॉड ऑफ वॉर २’ या दोन्ही डिस्क दुहेरी थराच्या आहेत. थकलेली लेन्स सगळ्यात आधी अशा डिस्कवर अडखळते. गेम सुरू झाला म्हणून लगेच बंद करू नका, पंधरा-वीस मिनिटं खेळा.

डिस्क वाचली जात नसेल तर पहिला उपाय लेन्स पुसणं हाच. कन्सोल बंद करून प्लग काढा. कापसाच्या काडीला औषधाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल जेमतेम ओलं होईल इतकं लावा, लेन्सवरून अगदी हलक्या हातानं फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. लेन्स स्प्रिंगवर तरंगती असते, जोर दिला तर ती कायमची वाकते. एवढं करूनही सुधारणा नसेल तर लेझरचा भाग बदलावा लागतो आणि ते काम जाणकाराकडे द्यावं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या आसपास चौकशी करून बघा. केबल आणि जोडण्या शोधायलाही याच जागा उपयोगी.

आपल्याकडचे पुष्कळ कन्सोल नकली आणि परदेशी डिस्कही चालवू देणारी ‘चिप’ बसवलेले असतात, कारण त्या काळी नकली डिस्कचाच बाजार मोठा होता. चिप असलेल्या कन्सोलवर अस्सल डिस्क चालायला हवी. ती चालत नसेल तर तारा नीट जोडलेल्या नाहीत किंवा लेझर थकलाय असं समजा आणि तो कन्सोल सोडून द्या.

टीव्हीला जोडणं

घरात काचेचा जुना टीव्ही चालू स्थितीत असेल तर तो विकू नका. पीएस२ चे बहुतेक गेम ओळीआड ओळ रंगवणाऱ्या चित्रासाठी बनले होते. त्या टीव्हीवर चित्र मऊ आणि सलग दिसतं, शिवाय बटण दाबणं आणि पडद्यावर घडणं यांत अंतर जाणवत नाही. पिवळी-लाल-पांढरी केबल लावा आणि खेळा, तिथे बाकी काही करायचं नाही.

नव्या एलईडी टीव्हीवर मात्र तीच पिवळी केबल वापरली तर रंग फुटतात, अक्षरं पुसट होतात. तिथे कॉम्पोनन्ट केबल लावायची, म्हणजे चित्रासाठी लाल-हिरवी-निळी आणि आवाजासाठी लाल-पांढरी अशा पाच पिना असलेली. अनेक नव्या टीव्हींना त्या पिनांची जागाच नसते, मग पीएस२ च्या मागच्या पोर्टमध्ये बसणारा छोटा एचडीएमआय अ‍ॅडॉप्टर घ्यावा लागतो.

यात एक क्रम पाळा. आधी पिवळ्या केबलवरच कन्सोल सुरू करा. डिस्क न घालता चालू केलं की मुख्य मेनू येतो, त्यात सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये जा आणि ‘कॉम्पोनन्ट व्हिडिओ आउट’ हा पर्याय आरजीबीवरून दुसऱ्या पर्यायावर, म्हणजे वाय सीबी-पीबी सीआर-पीआर वर आणा. मग कन्सोल बंद करून केबल बदला. हे आधी केलं नाही तर नव्या केबलवर चित्राचे रंग बिघडतात, पडदा हिरवा पडतो आणि केबल खराब आहे असं वाटून लोक ती परत करायला जातात. बहुतेक स्वस्त एचडीएमआय अ‍ॅडॉप्टरनाही हेच सेटिंग लागतं.

टीव्हीमध्ये ‘गेम मोड’ असेल तर तो लावा, नाहीतर चित्र सुधारण्याच्या नादात टीव्ही उशीर करतो आणि ‘टेकन ५’ सारख्या मारामारीच्या गेममध्ये तो उशीर लगेच जाणवतो. चित्राचा आकार ४:३ ठेवा. ताणून रुंद केलेली माणसं बघत चाळीस तास खेळणं त्रासाचं आहे. काही गेममध्ये, उदाहरणार्थ ‘बर्नआउट ३’ आणि ‘गॉड ऑफ वॉर’मध्ये, खरा रुंद पडद्याचा पर्याय आहे. तो गेमच्या ऑप्शन्समध्ये सुरू केल्यावरच टीव्ही १६:९ वर न्या.

कंट्रोलर आणि मेमरी कार्ड

इथे काटकसर करू नका, असं मी प्रत्येकाला सांगतो. ड्युअलशॉक २ या सोनीच्या कंट्रोलरची बटणं किती जोरात दाबली हे ओळखतात. फक्त मागचीच नव्हेत, तर क्रॉस, चौकोन, त्रिकोण, गोल आणि बाणाची बटणंसुद्धा. सोनीनं ही सोय पीएस३ पर्यंत ठेवली आणि पीएस४ च्या कंट्रोलरपासून काढून टाकली. त्यामुळे काही गेम आज दुसरीकडे मिळत असले तरी त्यांचा स्पर्श इथेच उरलाय. स्वस्त नकली कंट्रोलरमध्ये मात्र बटण एकतर दाबलं किंवा नाही दाबलं, एवढंच कळतं.

चाचणी सोपी आहे. ‘ग्रान टुरिस्मो ४’ लावा, क्रॉस बटण अर्धवट दाबून धरा आणि पडद्यावरचा अ‍ॅक्सिलरेटरचा दर्शक बघा. तो अर्ध्यावर थांबत असेल तर कंट्रोलर अस्सल दर्जाचा. थेट पूर्ण भरत असेल तर परत करा.

मेमरी कार्ड सोनीचंच, ८ एमबीचं घ्या. आजच्या मानानं ही जागा हास्यास्पद वाटते, पण पीएस२ च्या सेव्ह फाइल छोट्या असतात आणि एका कार्डावर बरेच गेम मावतात. ६४ किंवा १२८ एमबी लिहिलेली अनोळखी कार्डं अचानक सगळं पुसून टाकतात, असा अनेकांचा अनुभव आहे. दोन अस्सल कार्डं घेऊन मुख्य मेनूच्या ब्राउझरमधून महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या कार्डावर ठेवणं हा उत्तम मार्ग. पहिल्या प्लेस्टेशनचे गेमही पीएस२ वर चालतात, मात्र त्यांची प्रगती जपायला पहिल्या प्लेस्टेशनचंच कार्ड लागतं.

चालू करताना दर वेळी तारीख आणि वेळ विचारली जात असेल तर आतली सीआर२०३२ ही घड्याळाची बटण-बॅटरी संपलेली आहे. ती स्वस्तात बदलता येते आणि बदलावीच. पुढे एका गेममध्ये या घड्याळाला काम आहे.

डिस्क निवडताना

भारतात अधिकृतपणे विकले गेलेले कन्सोल आणि डिस्क ‘पाल’ विभागाच्या, म्हणजे युरोपात चालतात त्याच प्रकारच्या. अमेरिकी डिस्क चिप नसलेल्या आपल्या कन्सोलवर चालत नाही. खोक्याच्या पुढच्या बाजूला खाली डावीकडे वयोगट सांगणारं काळं-पांढरं, एकाच मोठ्या अक्षराचं चौकोनी चिन्ह असेल तर ती डिस्क अमेरिकेची. ऑनलाइन घेताना विक्रेत्याला डिस्कच्या खालच्या बाजूचा फोटो मागा. मध्यापासून कडेकडे जाणारे बारीक ओरखडे बहुधा चालून जातात. गोलाकार, डिस्कच्या फिरण्याच्या दिशेनं गेलेले ओरखडे घातक.

पाल आवृत्तीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. अमेरिका-जपानमध्ये चित्र सेकंदाला ६० वेळा बदलतं, पालमध्ये ५०. काही कंपन्यांनी गेम ५० वर आणताना वेग जुळवून घेतला नाही, त्यामुळे ते मूळपेक्षा सहाव्या हिश्शानं संथ चालतात. गेम सुरू होताना किंवा ऑप्शन्समध्ये ५० की ६० हर्ट्झ असं विचारलं तर डोळे मिटून ६० निवडा. आजचा कुठलाही टीव्ही ते दाखवतो.

आणि ऑनलाइन खेळण्याची आशा धरू नका. कंपन्यांचे सर्व्हर केव्हाच बंद झालेत. इथून पुढचं सगळं एकट्यानं किंवा शेजारी बसलेल्या माणसाबरोबर खेळायचं आहे, आणि त्या दुसऱ्या प्रकारात पीएस२ ला तोड नाही.

पहिला गेम: बर्नआउट ३

सुरुवात ‘बर्नआउट ३: टेकडाउन’पासून करा. इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या क्रायटेरियन गेम्सनं तो बनवला, २००४ मध्ये ईए (इलेक्ट्रॉनिक आर्ट्स) या कंपनीनं आणला. शर्यत आहे, पण जिंकायचं ते प्रतिस्पर्ध्याला दुभाजकावर, खांबावर, समोरून येणाऱ्या बसवर ढकलून. ढकललं की तुमचा वेग वाढवणारा बूस्ट लांब होतो. म्हणजे गेम तुम्हाला सतत धोक्याकडे ओढतो आणि धोका पत्करल्याचं बक्षीसही तिथल्या तिथे देतो. तुमची गाडी आदळली तरी डाव संपत नाही. वेळ संथ करून उडणारी गाडी दिशा देत दुसऱ्यावर नेऊन आदळता येते. इतका वेग आणि तरीही चित्र कुठे अडखळत नाही, हे या यंत्रावर पाहताना आजही आश्चर्य वाटतं.

क्रॅश मोड मात्र घरच्यांबरोबर खेळा. एक चौक, रहदारी आणि एक गाडी. जास्तीत जास्त नुकसान करायचं. आळीपाळीनं एकच कंट्रोलर फिरवता येतो आणि कधीही गेम न खेळलेला माणूसही दोन मिनिटांत रंगतो. हाच गेम एक्सबॉक्सवरही आला होता, पण प्लेस्टेशनच्या पुढच्या यंत्रांवर तो कधीच आला नाही. पीएस२ पुन्हा सुरू करण्यासाठी मला एवढा एक गेम पुरेसा वाटतो.

त्याच जातीचा, पण शांत स्वभावाचा गेम म्हणजे ‘एसएसएक्स ३’. २००३ चा, स्नोबोर्डिंगचा. एक अख्खा पर्वत, तीन शिखरं, आणि सगळं मोकळं झाल्यावर अगदी वरच्या टोकापासून पायथ्यापर्यंत न थांबता उतरता येतं. ही उतरण जवळपास अर्धा तास चालते.

ग्रान टुरिस्मो ४: वेळ असेल तरच

काझुनोरी यामाउची आणि त्यांचा स्टुडिओ पॉलिफनी डिजिटल यांचा हा मोटार-शर्यतीचा गेम जपानमध्ये डिसेंबर २००४ मध्ये आला. ७०० हून जास्त गाड्या, पन्नासेक ट्रॅक, आणि जर्मनीतला न्युर्बुर्गरिंगचा वीस किलोमीटरहून लांब, जंगलातून वळणं घेत जाणारा जुना मार्ग. तो नव्या कन्सोलसाठी पुन्हा काढला गेला नाही.

तो खेळण्याचा माझा सल्ला असा. आधी लायसन्सच्या परीक्षा द्या, त्या कंटाळवाण्या वाटल्या तरी. वळणावर ब्रेक कुठे सोडायचा हे त्या शिकवतात. पहिली गाडी जुन्या गाड्यांच्या बाजारातून, हलकी आणि स्वस्त घ्या. क्रॉस आणि चौकोन ही बटणं अर्धवट दाबायची सवय लावा, कारण इथे अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक त्यांच्याच जोरावर चालतात. लांबलचक शर्यतींसाठी ‘बी-स्पेक’ आहे. त्यात तुम्ही गाडी चालवत नाही, पिट लेनमधून ड्रायव्हरला वेग वाढव, मागे राहा, ओव्हरटेक कर अशा सूचना देता. चोवीस तासांच्या शर्यतीसाठी कन्सोल चालू ठेवणार असाल तर तो मोकळ्या हवेत ठेवा, लाकडी कपाटात कोंबू नका.

ज्या गेममध्ये बोटांचा जोर महत्त्वाचा

‘मेटल गिअर सॉलिड ३: स्नेक ईटर’ २००४ चा. १९६४ मधलं सोव्हिएत जंगल, ‘स्नेक’ नावाचा एकटा हेर, पोटाला लागणारं अन्न स्वतः शिकार करून मिळवायचं. हा गेम नंतर अनेक यंत्रांवर आला आणि २०२५ मध्ये नव्या रूपातही. तरीही कंट्रोलरचा जोर ओळखणं गेल्यावर त्यातला एक बारकावा हरवला. इथे पहारेकऱ्याला मागून धरलं की गोल बटण हलकं दाबून ठेवायचं. बोट जरा जास्त दाबलं गेलं की स्नेक त्याचा गळा चिरतो. कुणाचा जीव घ्यायचा नाही असं ठरवून खेळणाऱ्याला स्वतःच्या बोटावर ताबा ठेवावा लागतो. शक्य असेल तर ‘सबसिस्टन्स’ ही नंतरची आवृत्ती शोधा. तिच्यात कॅमेरा मोकळा फिरतो आणि जंगलात त्यानं खूप फरक पडतो.

घड्याळाचं काम इथे आहे. ‘द एन्ड’ नावाचा अतिवृद्ध नेमबाज समोर येतो तेव्हा लढत मध्येच सेव्ह करून बंद करा आणि कन्सोलची तारीख आठवड्याहून जास्त पुढे न्या. परत आल्यावर तो म्हातारपणानं मरून पडलेला सापडतो. पहिल्यांदा खेळताना मात्र असं करू नका. त्याच्याशी होणारा तो लांब, झाडाझुडपांतला पाठलाग हा या गेमचा गाभा आहे.

इको आणि कलोसस

गेम-दिग्दर्शक फुमितो उएदा यांच्या ‘इको’मध्ये बोलणं फार थोडं आहे. शिंगं असलेला मुलगा, किल्ल्यात कोंडलेली योर्दा नावाची मुलगी, आणि कंट्रोलरवरचं आर१ बटण दाबून धरलं की तो तिचा हात धरतो. बटण सोडलं की हात सुटतो. मुलगा धावायला लागला की ती ओढली जाते आणि ती ओढ कंट्रोलरच्या थरथरीतून हाताला कळते. सात-आठ तासांचा गेम आहे, दोन-तीन संध्याकाळी पुरतो.

आपल्याकडच्या वाचकांसाठी इथे खास फायदा आहे. अमेरिकी आवृत्ती २००१ मध्ये सगळ्यांच्या आधी बाजारात आली आणि काही गोष्टी तिच्यात आल्याच नाहीत. आपल्याला चालणारी पाल आवृत्ती २००२ ची. ती एकदा पूर्ण करून त्याच सेव्हवरून दुसऱ्यांदा सुरू केली की योर्दा काय बोलत होती ते लिहून येतं आणि दुसऱ्या माणसाला कंट्रोलर देऊन योर्दाला चालवताही येतं. म्हणून शेवट झाल्यावर सेव्ह करायला विसरू नका. पाल खोक्यावर उएदांनी स्वतः रंगवलेलं चित्र आहे, ज्योर्जो दे किरिको या इटालियन चित्रकाराच्या छायेतलं. पीएस३ सोडलं तर ‘इको’ दुसरीकडे गेला नाही.

त्यांचाच ‘शॅडो ऑफ द कलोसस’ २००५ चा. सोळा महाकाय प्राणी, बाकी सगळा प्रदेश निर्मनुष्य. २०१८ चा पीएस४ वरचा नवा अवतार देखणा आणि सुरळीत आहे, पहिल्यांदा खेळणाऱ्यानं तोच घ्यावा. पीएस२ वर चित्र बऱ्याचदा रखडतं, कारण यंत्राच्या कुवतीपलीकडचं काम त्याच्याकडून करून घेतलंय. पण मूळचा तो धुरकट, करडा, जास्त झगमगणारा प्रकाश नव्या आवृत्तीत तसा राहिलेला नाही. ज्यांना हा गेम मनापासून आवडलाय त्यांनी मूळ आवृत्ती एकदा तरी पाहावी.

पुढच्या आवृत्तीत ज्यांचं नुकसान झालं

‘सायलेंट हिल २’ (२००१) आणि ‘सायलेंट हिल ३’ (२००३) हे भयपटाच्या अंगानं जाणारे गेम. २०१२ मध्ये दोन्ही एकत्र करून एचडी संच काढला, पण तो बनवणाऱ्यांच्या हाती मूळ कोडची पूर्ण झालेली प्रत नव्हतीच. धुकं विरळ झालं आणि जे झाकलेलं असायला हवं होतं ते उघडं पडलं. दुसऱ्या भागाला २०२४ मध्ये चांगला नवा अवतार मिळाला. तिसरा भाग मात्र पीएस२ वरच नीट खेळता येतो. रात्री, हेडफोन लावून. घरात लहान मुलं असतील तर ती झोपल्यावर.

‘ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन आंद्रेआस’बद्दल वेगळं सांगायला नको, तो इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. पण बहुतेकांनी तो कॉम्प्युटरवर खेळलाय. पीएस२ ची डिस्क दोन कारणांसाठी लावा. एक, गेममधल्या लॉस सँटोस शहराच्या संध्याकाळचं ते दाट नारिंगी, धूळभरलं हवामान. दोन, रेडिओवरची गाणी. परवाने संपल्यावर नंतरच्या आवृत्त्यांतून बरीच गाणी काढली गेली, २००४ च्या डिस्कवर ती सगळी आहेत.

‘ड्रॅगन क्वेस्ट ८’ हा माझ्या मते या कन्सोलवरचा सर्वांत प्रसन्न लांब गेम. लेव्हल-५ या स्टुडिओनं बनवला, पाल विभागात २००६ मध्ये आला. साठ-सत्तर तास लागतात. इंग्रजी आवृत्तीसाठी संवादांना आवाज आणि संगीताला पूर्ण वाद्यवृंद दिला गेला. पुढे मोबाइल आणि निन्टेन्डो ३डीएसवर आलेल्या इंग्रजी आवृत्त्यांत तो वाद्यवृंद नाही. मोठ्या टीव्हीवर, त्या संगीतासह, टेकडी चढून खाली पसरलेला मुलूख बघायचा तर पीएस२ हाच मार्ग. आधी लहान गेम संपवा आणि हा पावसाळ्यातल्या सुट्ट्यांसाठी राखून ठेवा.

शेजारी माणूस असेल तेव्हा

‘स्मॅकडाउन! हिअर कम्स द पेन’ (२००३) फक्त पीएस२ वर आला. कुस्तीचे गेम त्यानंतर दर वर्षी निघाले, पण इतका चटपटीत, वाट न बघायला लावणारा क्वचितच. ‘डेफ जॅम: फाइट फॉर एनवाय’ (२००४) त्याहून दांडगा: अमेरिकी रॅप कलाकार, पाच लढण्याच्या शैली, त्यांची सरमिसळ करून घडवलेला स्वतःचा लढवय्या, आणि कडेला उभी असलेली गर्दी प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवते. इतक्या कलाकारांचे हक्क पुन्हा मिळवणं अवघड, टीव्हीला जोडायच्या नव्या कन्सोलवर तो पुन्हा निघाला नाही. चौघांनी खेळायचं तर जास्तीचे कंट्रोलर जोडणारा मल्टिटॅप लागतो. जाड कन्सोलचा मल्टिटॅप स्लिमला बसत नाही, घेताना मॉडेल सांगा.

क्रिकेटसाठी दोन नावं. ईएचा ‘क्रिकेट ०७’ आपल्याकडे कॉम्प्युटरवर, कीबोर्डवर खेळला गेला. कंट्रोलरवर तो वेगळाच वाटतो: डाव्या काडीनं पाय पुढे की मागे, उजव्या काडीनं फटक्याची दिशा. पहिल्या दोन-तीन सामन्यांत त्रिफळे उडतील, मग हात बसतो. दुसरा कोडमास्टर्सचा ब्रायन लारा मालिकेतला २००७ चा गेम. तो भारतात ‘युवराज सिंग इंटरनॅशनल क्रिकेट २००७’ या नावानं विकला गेला, त्यामुळे जुन्या डिस्क शोधताना दोन्ही नावं टाका. चेंडूचा टप्पा वाचून खेळायची मजा यात जास्त आहे. कसोटी सामना सेव्ह करत करत आठवडाभर पुरवता येतो.

आपल्याकडे बनलेले गेम

पीएस२ उतरणीला लागला तेव्हा सोनीनं भारतात तो जोमानं विकला आणि त्यातून इथले काही स्टुडिओ कन्सोलच्या गेमकडे वळले. हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजचा ‘हनुमान: बॉय वॉरियर’ २००९ मध्ये आला, संपूर्ण भारतात बनलेला पहिला कन्सोल गेम म्हणून त्याचा गाजावाजा झाला. त्याच सुमारास हैदराबादच्याच गेमशास्त्रचा ‘देसी अड्डा’ आला, ज्यात कबड्डी, विटीदांडू, पतंग आहेत. मुंबईच्या ट्राइन गेम्सनं ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ काढला, गल्लीतल्या क्रिकेटवर.

खेळ म्हणून ‘हनुमान’ कच्चा आहे, कॅमेरा आणि नियंत्रण दोन्ही त्रास देतात. ‘देसी अड्डा’ लहान मुलांबरोबर तासभर रंगतो. मी तरी हे तिन्ही गेम आवर्जून जवळ ठेवावेत असं म्हणेन. जगभर गाजलेल्या गेमच्या प्रती लाखोंनी आहेत आणि त्यांची काळजी घेणारे लोकही. या डिस्क आपल्याकडच्याच कपाटांत आहेत. त्या आपण सांभाळल्या नाहीत तर दुसरं कोणी सांभाळणार नाही. रद्दीच्या दुकानात, बंद पडलेल्या पार्लरच्या सामानात दिसल्या तर उचला.

जे इथे खेळू नयेत

‘ओकामी’, ‘फायनल फँटसी’चे दहावा आणि बारावा भाग, ‘कातामारी डामासी’, ‘किंगडम हार्ट्स’, ‘रेसिडेंट ईव्हिल ४’. सगळे या कन्सोलच्या काळातले अव्वल गेम, आणि सगळ्यांच्या नव्या आवृत्त्या स्वच्छ, सोयीच्या आहेत. पीएस२ ची डिस्क आधीच घरात असेल तर गोष्ट वेगळी, पण त्यासाठी वाढीव पैसे मोजू नका.

पावसाळ्याआधी

आपल्या हवेत, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, डिस्कवर आणि लेन्सवर बुरशी चढते. जूनच्या आत डिस्क मऊ, कोरड्या सुती कापडानं मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसून खोक्यांत घाला, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पुड्या ओल सोसून निकामी झाल्या की बदला. कन्सोलवर प्लॅस्टिक गुंडाळू नका, आत दमट हवा कोंडते. त्यापेक्षा तो आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवा. आतली उष्णता ओल घालवते, आणि तेवढ्या वेळात ‘बर्नआउट’च्या बऱ्याच शर्यती होतात.